मार्चमध्ये हे पोस्टर कुठे जातं?

प्रिय मावशी,

मी अटलांटाच्या बाहेर एका कंपनीत आठ वर्षं हिशेबाचं काम करते. ऑफिस आणि गोदाम मिळून आम्ही दीडशेच्या आसपास माणसं आहोत. गोदामात निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत, ऑफिसात मात्र बोटांवर मोजण्याइतके. फेब्रुवारीत इथे ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, पाळतात. गेल्या वर्षी आमच्याकडे कँटीनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं पोस्टर लागलं, तळलेल्या चिकनचं जेवण आलं, एक प्रश्नमंजूषा झाली आणि १ मार्चला सगळं आवरलं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, जी रोज माझ्या डब्यातली भाजी खाते, तेव्हा म्हणाली, “मार्चमध्ये हे पोस्टर कुठे जातं गं?” मी नुसती हसले. पण तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

या वर्षी मॅनेजरने समिती माझ्या गळ्यात घातली आहे. हाताशी १,५०० डॉलर आहेत. मी त्यांच्यातली नाही, मग हे मी करावं का? आणि करायचं तर दिखावा होऊ नये म्हणून काय करू? त्यात भर म्हणजे, दिवाळीनंतरच्या बैठकीत मी आमच्या मराठी मंडळातही असा एखादा कार्यक्रम सुचवला. एक वडीलधारे काका म्हणाले, “आपलं आपण बघू. त्या काळ्यांचं आपल्याला काय?” सगळे हसले. माझा बारा वर्षांचा मुलगा शेजारीच बसला होता. घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. काय करू?

– अटलांटाहून, एक वाचक

अटलांटाच्या लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गाडीतल्या मुलापाशी थांबले. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न घेऊ, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

हा महिना सुरू झाला तेव्हा तो आठवडा होता. कार्टर वुडसन नावाचे इतिहासकार होते. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. स्वतः तरुणपणी वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत राबलेले, आणि १९१२ साली हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवलेले. त्यांनी १९२६च्या फेब्रुवारीत ‘निग्रो हिस्टरी वीक’ सुरू केला. (निग्रो हा तेव्हाचा रूढ शब्द. आज तो तू कुठेही वापरायचा नाहीस, मंडळात तर नाहीच नाही.) फेब्रुवारी निवडला, कारण १२ तारखेला लिंकन यांचा आणि १४ तारखेला गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचा जन्मदिवस लोक आधीपासूनच साजरा करत होते. वुडसन यांची अपेक्षा अशी होती की मुलांनी हा इतिहास वर्षभर शिकावा आणि त्या आठवड्यात शिकलेलं चारचौघांसमोर मांडावं. आपल्याकडे गाण्याच्या क्लासात वर्षभर रियाज चालतो आणि गुरुपौर्णिमेला बैठक होते, तसंच. १९७० साली ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आठवड्याचा महिना केला, १९७६ साली अध्यक्ष फोर्ड यांनी त्याला सरकारी मान्यता दिली. मुदत वाढत गेली, पण कितीतरी कचेऱ्यांत रियाज राहिला बाजूला आणि नुसती बैठक उरली. तुझी मैत्रीण त्या रियाजाबद्दल विचारत होती.

आता तू हे करावंस का? जरूर कर. पण घरच्या कार्यात शेजारीण येऊन जशी वावरते, तशी वावर. खुर्च्या मांड, फोन कर, बिलं वेळेवर चुकती होतात की नाही ते पाहा. ते तर तुझं रोजचंच काम आहे. माइक मात्र ज्यांचा विषय आहे त्यांच्या हाती असू दे. कार्यक्रमात ‘मीही स्थलांतरित आहे, मलाही भेदभाव सोसावा लागला’ असं भाषण करायचा मोह होईल, तो आवर. तुझं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. तो दिवस त्याचा नाही, एवढंच.

हे मी शिकले ते माझ्या चुकीतून. न्यू जर्सीतल्या एका शहराच्या सार्वजनिक वाचनालयात मी बरीच वर्षं बालविभागात होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीचं प्रदर्शन माझ्याकडे आलं. संदर्भ विभागात एक ज्येष्ठ कृष्णवर्णीय बाई होत्या. मी सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, “हे तुम्हीच करा ना, तुम्हाला जास्त माहीत.” मला वाटलं, मी त्यांना मान देते आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “मी शहराच्या जमिनींचे नकाशे सांभाळते. त्या नकाशांबद्दल तू मला दोन वर्षांत एकदाही काही विचारलं नाहीस.” पुढे त्यांनी मला बसवून घेतलं आणि एक नकाशा उलगडून दाखवला. शहरातल्या कोणत्या गल्ल्यांमध्ये कृष्णवर्णीयांना घरासाठी कर्ज मिळत नसे, ते त्यावर रंगाने दाखवलेलं होतं. त्या वर्षी प्रदर्शन त्याच नकाशांचं झालं. पाट्यांवर नाव त्यांचं होतं आणि त्यासाठी लागलेले तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरले गेले. त्या तासांसाठी मला वरिष्ठांशी भांडावं लागलं, आणि भांडले याचं मला आजही समाधान आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही कर. तुझ्या मैत्रिणीला समितीवर ‘घेऊ’ नकोस. डबा खाताना तिला मोकळेपणाने सांग, की तू विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसलाय, या वर्षी मी हे हे करायचं ठरवते आहे, तुला काही सुचवायचं असेल तर ऐकेन आणि नसेल तरी काही बिघडत नाही. ती ‘नको बाई’ म्हणाली तर विषय तिथेच संपव. गोदामातल्या लोकांनाही तेच लागू. आपल्याच परंपरेचं प्रदर्शन फुकट मांडून दाखवायची सक्ती कुणावर व्हायला नको. ज्यांना करायचं असेल त्यांना कामाच्या वेळेतले तास मिळू देत.

दुसरी गोष्ट, सगळा इतिहास एका महिन्यात कोंबू नकोस. किंग, रोझा पार्क्स, ओबामा, जॅझ, बास्केटबॉल असं सगळं एका भिंतीवर आलं की त्यातलं काहीच कुणाच्या लक्षात राहत नाही. एकच कला घे आणि तिच्या खोलात शिर. ती जवळची असली तर फारच उत्तम. तू तर जॉर्जियात राहतेस! तुझ्या घरापासून दीड-दोन तासांवर अथेन्स नावाचं गाव आहे. तिथली हॅरिएट पॉवर्स तुला ठाऊक आहे का?

ठाऊक नसेल तर ऐक. हॅरिएट पॉवर्स १८३७ साली अथेन्सजवळ गुलामगिरीत जन्मली. गुलामगिरी संपल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने थोडी शेती केली. ती गोधड्या शिवायची. आपली आजी शिवायची तशा, पण तिच्या गोधड्या चित्रांच्या. कापडातून माणसं, जनावरं, सूर्य, तारे कापून काढायची आणि ते अस्तरावर शिवून एकेका चौकटीत एकेक गोष्ट सांगायची. १८८६ साली अथेन्सच्या कापसाच्या जत्रेत तिची एक गोधडी मांडलेली होती. त्यात अकरा चौकटी होत्या आणि सगळ्या बायबलातल्या कथांच्या. आदम आणि हव्वा, भावाला मारणारा केन, याकोबाची शिडी, शेवटचं भोजन. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला, कितीही पैसे दिले तरी विकायची नाही म्हणाली.

पुढे चार-पाच वर्षांनी घरात ओढाताण झाली. हॅरिएट एक दिवस बैलगाडीतून जेनी स्मिथच्या दारात आली. मांडीवर गोधडी, ती पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळलेली आणि त्यावर आणखी एक गोणपाट. तिने दहा डॉलर मागितले. स्मिथबाई म्हणाल्या, माझ्याकडे पाचच आहेत. हॅरिएटने नवऱ्याशी बोलून पाच डॉलरला ती गोधडी दिली. देण्याआधी मात्र तिने एकेका चौकटीचा अर्थ समजावून सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून ठेवला. आज त्या गोधडीबद्दल आपल्याला जे कळतं ते त्या टिपणामुळेच. चिंध्या साठवून देईन, असं वचनही स्मिथबाईंनी तिला दिलं. आणि त्यानंतर हॅरिएट आपली गोधडी बघायला पुन्हा पुन्हा त्यांच्या घरी येत राहिली.

हे शेवटचं वाक्य वाचलं की माझ्या पोटात अजूनही कालवतं. आपल्या हातची वस्तू दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहायची!

तिच्या दोनच गोधड्या आज आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. पाच डॉलरची ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, दुसरी बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात. बोस्टनच्या गोधडीत पंधरा चौकटी आहेत. बायबलातल्या कथांबरोबर तिने त्यात आपल्या मुलखाने अनुभवलेल्या गोष्टीही शिवल्या आहेत. १८३३च्या नोव्हेंबरमध्ये उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला आणि लोकांना वाटलं जग बुडालं, ती एक चौकट. हॅरिएटच्या जन्माआधीची ही घटना, म्हणजे तिने ती थोरामोठ्यांकडून ऐकलेली असणार. १८९५च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या गुरुवारची एक चौकट आहे, त्यात खेचराच्या श्वासाचेही बर्फाचे सुळे झालेत. आणि बेट्स नावाची एक डुकरीण आहे, जी जॉर्जियातून निघून ५०० मैल पळत व्हर्जिनियाला गेली. जॉर्जियातून उत्तरेकडे पळणं म्हणजे काय, हे गुलामगिरीत जन्मलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. काही अभ्यासकांना त्या डुकरिणीत पळून सुटलेल्या माणसांची गोष्ट दिसते, आणि मला ते पटतं. आफ्रिकेतल्या आजच्या बेनिनमध्ये फोन लोकांची अशीच कापडावर कापड शिवून चित्रं करण्याची परंपरा आहे. हॅरिएटचे आकार पाहून जाणकारांना ती आठवते.

तर या फेब्रुवारीत कँटीनच्या भिंतीवर ही एकच बाई असू दे. दोन्ही गोधड्यांची मोठी, स्वच्छ छायाचित्रं, परवानगी घेऊन छापलेली, आणि प्रत्येक चौकटीखाली ती काय सांगते ते. लोक जेवता जेवता रोज एक चौकट वाचतील. अकरा आणि पंधरा मिळून सव्वीस चौकटी झाल्या. महिना सहज भरतो.

पण छायाचित्रं म्हणजे कार्यक्रम नाही. आता पैशाकडे येते, कारण तू हिशेबातली आहेस आणि माझ्या मते कलेचा खरा मान तिथेच कळतो.

तुझ्याच शहरातलं उदाहरण घे. १९४२ साली चित्रकार हेल वुड्रफ यांनी अटलांटा विद्यापीठात कृष्णवर्णीय कलावंतांचं वार्षिक प्रदर्शन सुरू केलं. त्या काळी दक्षिणेतल्या कितीतरी कलादालनांची दारं त्यांना बंद होती. हे प्रदर्शन १९७०पर्यंत चाललं. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की बक्षीस म्हणजे नुसतं प्रशस्तिपत्र नसे. बक्षिसाच्या रकमेत विद्यापीठ ते चित्र किंवा शिल्प विकत घेई. असा एकेक नग जमत जाऊन जो संग्रह झाला, तो आज क्लार्क अटलांटा विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. तिथेच वुड्रफ यांनी १९५०-५१मध्ये रंगवलेली सहा मोठी भित्तिचित्रं आहेत. त्यांत आफ्रिकेच्या प्राचीन कलेपासून आधुनिक कलावंतांपर्यंतचा प्रवास आहे. आठ वर्षं त्या शहरात राहून तू ती पाहिली नसशील, तर या महिन्यातच एक सुट्टी त्यासाठी ठेव. स्पेलमन कॉलेजच्या संग्रहालयात खास आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांची कला असते. ऑबर्न अव्हेन्यूवर आफ्रिकी-अमेरिकन संस्कृती आणि इतिहासाला वाहिलेलं सार्वजनिक संशोधन ग्रंथालय आहे. मी ग्रंथपाल म्हणून खात्रीने सांगते, तिथल्या माणसांना नीट प्रश्न विचारलास तर ती जीव ओतून मदत करतील.

वुड्रफ यांनी केलं तेच तू छोट्या प्रमाणात कर. १,५०० डॉलरपैकी जेवणावर कमीत कमी खर्च कर. छपाईला लागतील तेवढे ठेव. उरलेल्यातला मोठा वाटा एका जिवंत, स्थानिक कृष्णवर्णीय कलावंताला जाऊ दे. अटलांटा परिसरात कृष्णवर्णीय बायकांची गोधडी-मंडळं आहेत, त्या नियमाने जमतात. त्यांच्यातल्या एकीला बोलाव. बोलावताना पहिल्याच पत्रात मानधनाचा आकडा लिही. ‘तुमची प्रसिद्धी होईल’ असं कुणालाही लिहू नकोस. प्रसिद्धीवर कुणाचं घरभाडं भागत नाही. तिने दोन तास शिकवावं, लोकांनी हाताने धावदोरा घालून पाहावा आणि शक्य असेल तर कंपनीने तिची एक छोटी गोधडी विकत घ्यावी. ती काचेआड, नावाच्या पाटीसह स्वागतकक्षात कायमची लावा. म्हणजे मार्चमध्येही ती तिथेच असेल. तुझ्या मैत्रिणीला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

हे सगळं दुपारी बारा वाजता ऑफिसच्या मजल्यावर ठेवलंस तर गोदामातली माणसं येणार कशी? रात्रपाळीच्या लोकांचं काय? कलावंताला दोन सत्रांचे पैसे दे आणि एक सत्र पाळी बदलण्याच्या वेळी गोदामातच ठेव. त्या वेळेचा पगार कापला जाणार नाही हे मॅनेजरकडून लेखी घे. माझ्या अनुभवात असे कार्यक्रम नेमके इथेच फसतात: ज्यांच्या नावाने उत्सव, तेच यंत्रापाशी उभे आणि बाकीचे केक खातायत.

आणखी एक, जे तुझ्या समितीच्या अखत्यारीत नाही, पण तू हिशेब पाहतेस म्हणून सांगते. गोदामात निम्म्याहून जास्त आणि ऑफिसात मोजके, असं तूच लिहिलं आहेस. गोदामातून ऑफिसात बढती कशी मिळते, गेल्या काही वर्षांत कुणाला मिळाली, हे एचआरला शांतपणे आणि लेखी विचार. फेब्रुवारीपुरतं नको. मार्चमध्ये विचार, जूनमध्ये पुन्हा विचार. वर्षभर ज्यांच्याकडून खाणं मागवता, छपाई करून घेता, त्या यादीत एकतरी स्थानिक कृष्णवर्णीय व्यावसायिक आहे का, हे तर तुला तुझ्याच टेबलावर बसून दिसेल.

जेवणाचं काय, असं तू विचारशीलच. दक्षिणेतलं कृष्णवर्णीयांचं जेवण ही मोठी कला आहे, त्याचा आदर कर. पण एका तळलेल्या पदार्थावर ते संपत नाही, आणि त्याच पदार्थावरून या लोकांची शंभर वर्षं टिंगल झाली आहे. गेल्या वर्षी तुमच्याकडे कुणीतरी गप्प बसलं असेल तर त्याचं कारण हे असू शकतं. अशा जेवणाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला बोलाव आणि काय करायचं ते त्याच्यावर सोड. तुम्ही ताट वाढून घ्या.

जाता जाता अलाबामातल्या गीज बेंडचंही सांगते, कारण ‘गोधडी’ म्हटलं की कुणीतरी ते नाव काढेलच. नदीच्या वळणात अडकलेलं हे गाव. तिथल्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. गाजलेली गोष्ट आहे. पण त्याच गावातले लोक १९६२च्या सुमारास मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे जाऊ लागले तेव्हा त्यांची होडीच बंद केली गेली, आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. गोधड्या प्रसिद्ध झाल्यावरही हक्क आणि मोबदला यांवरून गावातल्या काही बायकांना २००७ साली न्यायालयात जावं लागलं. आता त्यांच्यातल्या अनेकजणी इंटरनेटवर स्वतः विक्री करतात. म्हणून कुणी ‘गीज बेंड छापाची’ यंत्रावरची चादर सजावटीला आणू म्हणालं, तर तू नाही म्हण.

आता मंडळ.

त्या काकांना मी काही सुनावणार नाही. ते इथे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगते: आपण अमेरिकेत आलो ते कुणाच्या जोरावर, ते पाहा. १९४६च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना तिथे स्थायिक होता येई. ते दार उघडलं १९६५च्या स्थलांतर कायद्याने. आणि तो कायदा आला १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, कुत्रे अंगावर घेतले, तुरुंग भरले, त्यांत तुमच्या अटलांटाची माणसं होती. काकांच्या व्हिसाच्या शिक्क्याखाली ती शाई आहे.

आणि मराठी माणसाने तर ‘त्यांचं आपल्याला काय’ असं म्हणूच नये. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसून, जहाजाने येणाऱ्या बातम्यांवर! (हे सांगताना हेही सांग की गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात सुमारे पावणेदोन लाख कृष्णवर्णीय सैनिक स्वतः लढले होते. मुक्ती त्यांना कुणी फुकट दिली नाही.) १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं, आणि ड्यू बॉइस यांचं आपुलकीचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ने आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पेशवा झाला. त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथली पाण्याची नहर त्याचीच, खुलताबादला त्याची कबर आहे. आपण ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी खातो आणि वर चवळीची उसळ, ती चारही पिकं मुळात आफ्रिकेत माणसाने लागवडीखाली आणली आणि तिथून आपल्याकडे आली.

फेब्रुवारीतच २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन असतो. तुमचं मंडळ तो करतच असेल. वेगळा कार्यक्रम मागू नकोस, त्याच दिवसातली वीस मिनिटं माग. फुल्यांची अर्पणपत्रिका मोठ्याने वाचा. आणि गोधडी आणा. ज्यांच्याकडे आजीची असेल त्यांनी आजीची. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाज राहतो. त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले होते. त्या समाजातल्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं आणि कोपऱ्यांवर कापडाची दुमडलेली त्रिकोणी ‘फुलं’ लावायची, अशी त्यांची रीत. अथेन्सची हॅरिएट, यल्लापूरची सिद्दी बाई आणि आपली घाटावरची आजी, तिघींची चित्रं शेजारी शेजारी लावून दाखव. कंपनीतल्या कार्यक्रमात मात्र हे आणू नकोस. तिथे आपली गोष्ट घुसवली की त्यांची लहान होते. मंडळ आपलं घर आहे, तिथे हे शोभेल.

काका पुन्हा तोच शब्द बोलले तर सगळ्यांदेखत, आवाज न चढवता म्हण, “काका, माझ्या मुलासमोर असं बोललेलं मला चालणार नाही.” वडीलधाऱ्यांना तोंड वर करून बोलायचं नाही, या संस्कारात तूही वाढलीस, मीही वाढले. पण त्या दिवशी सगळे हसले आणि आई गप्प राहिली, हे तुझ्या लेकाने पाहिलं आहे. तो गाडीत गप्प होता, कारण त्याच्या वर्गात, त्याच्या टीममध्ये, त्याच्या शेजारच्या बाकावर ‘ते’ आहेत. तू त्याला आजच सांग की मी तेव्हा बोलायला हवं होतं. एवढ्या मोठ्या मुलांना आईने चूक कबूल केलेली कळते.

आणि एका शनिवारी त्याला घेऊन अथेन्सला जा. गोधड्या तिथे नाहीत, हे आधीच सांगून ठेव, नाहीतर हिरमुसेल. पण तिथे गॉस्पेल पिलग्रिम नावाचं कृष्णवर्णीयांचं जुनं कब्रस्तान आहे आणि त्यात हॅरिएट आणि तिच्या नवऱ्याचा दगड आहे. ती १ जानेवारी १९१० रोजी गेली. दगड कितीतरी वर्षं झाडाझुडपांत हरवला होता, या शतकात पुन्हा सापडला. थंडीत सूर्य लवकर मावळतो, तेव्हा सकाळीच निघा. डब्यात चवळीची उसळ आणि भाकरी घे, आणि मैत्रिणीलाही विचार, येतेस का म्हणून.

तुझी,
मावशी